घोडं घेऊन रानात मुक्काम करायचा तर

घोडं घेऊन बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यात, जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला दोन-तीन रात्री राहून यावं असं मनात आलं, की माणूस पहिल्यांदा तंबू बघायला लागतो. मग नकाशा. घोड्याचं पोट त्याला आठवतं ते सगळ्यात शेवटी, बहुतेक वेळा पहिल्या मुक्कामाला पोचल्यावर. माझंही तसंच झालं होतं. आता मी क्रम उलटा लावतो: आधी पोट, मग पाणी, त्यावरून मुक्काम, आणि वाट सगळ्यात शेवटी.

हिशेब सोपा आहे. मारवाडी किंवा काठेवाडी जातीचं मध्यम घोडं साधारण ३५० किलोचं धरा. त्याला रोज वजनाच्या दोन टक्के सुका चारा लागतो, म्हणजे सात किलो. तीन घोडी, तीन दिवस, झाले ६३ किलो. खुराक, म्हणजे दाणा, त्यात धरलेला नाही. पाणी थंडीत एका घोड्याला दिवसाला २०-२५ लिटर, उन्हात चढण चढली तर ४० लिटरपर्यंत. तिघांचं मिळून शंभर-सव्वाशे लिटर सहज. हे सगळं पाठीवर लादून न्यायचं म्हटलं तर चारा वाहायला आणखी घोडी लागतील, आणि त्या घोड्यांना आणखी चारा. म्हणून चारा टेम्पोनं आदल्या दिवशीच मुक्कामाच्या जागी टाकून यायचा. यात कमीपणा काही नाही. पूर्वीच्या फौजांच्याही पुढच्या तळावर दाणावैरणीची सोय आधीच लागत असे.

यावर कुणीतरी हटकून म्हणतं, "रानात गवत थोडं आहे होय?" गवत आहे. पण ते आपल्या घोड्याच्या पोटाला ओळखीचं नाही, आणि बऱ्याच ठिकाणी ते चारायचा आपल्याला अधिकारही नाही. अधिकाराचं पुढं येतंच. आधी पोटाचं.

घोडं गाईसारखं रवंथ करत नाही. त्याची जठराची पिशवी अंगाच्या मानानं लहान असते आणि चाऱ्याचं खरं पचन मागच्या मोठ्या आतड्यात होतं. तिथं राहणारे जंतू चारा आंबवतात. रोज कडबा खाणाऱ्या घोड्याचे जंतू कडब्याला सरावलेले असतात. त्यांना नवा चारा पचवायला शिकायला आठ-दहा दिवस लागतात. तेवढा अवधी न देता भसकन नवं काही पोटात ढकललं की गॅस धरतो, आतडं तुंबतं. त्यात घोड्याला ओकता येत नाही. गेलं ते गेलं, परतीची वाट नाही. या पोटदुखीला कोलिक म्हणतात आणि घोडी मरण्याच्या मोठ्या कारणांपैकी ते एक आहे.

आपल्याकडची अडचण अशी, की बेळगावच्या पूर्वेला जोंधळ्याचा कडबा मिळतो आणि खानापूरच्या पश्चिम पट्ट्यात सगळीकडे भाताचं पिंजर, म्हणजे पेंढा. यजमान मोठ्या मनानं पिंजराचा भारा आणून टाकतो. नको म्हणायला जीव होत नाही, पण म्हणावं. पिंजरात कस कमी असतो, ते चरबरीत असतं, आणि न सरावलेल्या घोड्याच्या आतड्यात त्याचा गोळा बसू शकतो. घरी जे खातं तेच सोबत न्यावं, किंवा निघायच्या दहा दिवस आधीपासून नवा चारा मुठीमुठीनं मिसळत वाढवावा. बुरशी आलेली पेंढी सरळ बाजूला टाकावी. गाय खाते म्हणून घोड्याला चालेल असं नाही. भिजवलेले हरभरे, सातू किंवा ओट तोबऱ्यातूनच, म्हणजे तोंडाला अडकवायच्या पिशवीतूनच द्यावेत, म्हणजे माती पोटात जात नाही आणि दाणे रानात सांडत नाहीत. खोगीर घालायच्या आधी तासभर आणि उतरवल्यावर तासभर खुराक द्यायचा नाही. खुराकात रोज दोन चमचे मीठ टाकावं, घामातून ते फार जातं.

पाण्याबद्दल एक जुना समज आहे: तापलेल्या घोड्याला पाणी पाजू नये. माझे आजोबाही तेच सांगायचे. पण दमून आलेल्या घोड्याला तहानलेलं ठेवण्यातच जास्त धोका आहे. थोडं थोडं, पण लगेच पाजावं. ओढ्यात तोंड घालू देण्याऐवजी बादलीनं पाणी काढून दूर नेऊन पाजलं तर काठ तुडवला जात नाही. मलप्रभा कणकुंबीला उगम पावते, म्हणजे या भागातले ओढे पुढं कुणाच्या ना कुणाच्या हंड्यात जाणार असतात. घोडी बांधायची जागाही पाण्यापासून किमान ६०-७० पावलं लांब असावी.

आता मुक्काम कुठं करायचा. इथं फार लोकांचा गैरसमज असतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

खानापूर तालुक्यातलं रान एकसारखं दिसलं तरी कायद्याच्या नजरेत ते तीन-चार प्रकारचं आहे. भीमगड अभयारण्य २०११ साली जाहीर झालं, सुमारे १९० चौरस किलोमीटरचं. दक्षिणेला दांडेली-अणशीचं रान २००७ पासून व्याघ्र प्रकल्प आहे आणि २०१५ पासून त्याचं नाव काळी. या दोन्ही ठिकाणी १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा लागू आहे. सरकारी रस्त्यानं जाणाऱ्याला आणि आत राहणाऱ्या गावकऱ्यांना मोकळीक आहे, बाकीच्यांना परवाना लागतो. रस्ता सोडून आत शिरणं, तंबू ठोकणं, चूल पेटवणं, जनावर चरायला सोडणं हे परवान्याशिवाय नाही म्हणजे नाही. आमगाव, गवाळी, देगाव ही गावं त्याच पट्ट्यातली. तिथं आपले पाहुणे असले म्हणून घोड्यांसकट मुक्काम गृहीत धरता येत नाही. अभयारण्याच्या बाहेरचं राखीव जंगल १९६३ च्या कर्नाटक वन कायद्याखाली येतं. तिथंही मुक्काम, विस्तव आणि चराई विचारल्याशिवाय करायची नाही.

पाळीव घोडं नको यामागं नुसता कागदी हट्ट नाही. पाळीव जनावराचे रोग रानातल्या जनावरांना लागतात, चाऱ्यातून आलेलं तण रुजतं, आणि घोड्याच्या वासानं बिबट्या माणसांच्या जवळ येतो. काँग्रेस गवत आपल्याकडं बांधाबांधावर कसं पसरलं ते आपण बघितलंच आहे. ते लिदीतून भीमगडात न्यायची गरज नाही.

मग उरते मालकीची जमीन, आणि खरं सांगायचं तर घोड्यांसाठी तीच बरी. सुगी आटोपली, मळणी झाली, की जंगलाच्या कडेची भाताची शेतं मोकळी होतात. जमीन सपाट, विहीर जवळ, टेम्पो बांधापर्यंत येतो. काजूच्या बागाही आहेत. मालकाला आधी जाऊन भेटावं, तोंडी हो आलं तरी एक चिठ्ठी लिहून घ्यावी, ग्रामपंचायतीत आणि वनखात्याच्या त्या रेंजच्या ऑफिसात कळवावं. अर्ज कन्नडमधून लागतो. आपल्यापैकी बऱ्याच जणांना बोलता येतं, लिहिताना हात अडखळतो. कुणाकडून तरी नीट लिहून घ्यावा. त्यात माणसं किती, घोडी किती, त्यांचे रंग, टेम्पोचा नंबर, जमिनीचा सर्व्हे नंबर आणि तारखा एवढं असलं की पुढचे निम्मे प्रश्न कुणी विचारत नाही.

काळ म्हणाल तर नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीपर्यंत. जूनपासून चार महिने कणकुंबीचा पाऊस माणसालाच उभा राहू देत नाही, घोड्याचे खूर तर भिजून मऊ पडतात. फेब्रुवारीनंतर पाला वाळतो, वणव्याचे दिवस सुरू होतात, ओढे आटतात. त्या दिवसांत रानाच्या कडेला चूल पेटवणाऱ्याला मी तरी शहाणा म्हणणार नाही. एरवीही गॅसची छोटी शेगडी पुरते.

सीमेवर राहणाऱ्यांसाठी आणखी एक. चोर्ल्याच्या बाजूनं पुढं गेलं की गोवा, तिलारीकडं वळलं की महाराष्ट्र. माणसांचा सीमावाद २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे, घोड्याचा मात्र चेकनाक्यावरच निकाल लागतो. राज्य ओलांडायचं तर जनावराच्या डॉक्टरचा दाखला जवळ हवा. त्यातला सगळ्यात गंभीर भाग ग्लँडर्सचा. हा जंतूचा रोग घोड्यातून माणसालाही होतो, त्याची खबर सरकारला देणं सक्तीचं आहे, आणि घोडं बाधित निघालं तर त्याला मारावं लागतं. रक्ताची तपासणी वेळखाऊ असते, म्हणून निघायच्या बऱ्याच आधी करून घ्यावी. धनुर्वाताची लसही बघून घ्यावी; खिळा टोचलेल्या घोड्याला धनुर्वात फार लवकर होतो.

टेम्पोत घोडं चढवायला आपल्याकडे खास फळी नसते. बांधाला किंवा मातीच्या ओट्याला गाडीची मागची बाजू लावली की ते चालत आत जातं. तळाला वाळू किंवा भुसा टाकावा, नाहीतर पत्र्यावर नाल घसरते. जनावरं वाहून नेण्याच्या १९७८ च्या नियमांत घोड्यांच्या गाडीला ताशी ३५ किलोमीटरची मर्यादा आहे. ड्रायव्हरला हे सांगितलं की तो आपल्याकडे बघतो. बघू दे.

ओझ्याचा नियम पाचाचा एक: बसणारा आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्यापेक्षा जास्त नको. ३५० किलोच्या घोड्यावर ७० किलो. माझं वजन ७८, खोगीर दहा. म्हणजे मला ४५० किलोचं घोडं लागतं, आणि तेही मिळालं तरी मी चढाला उतरतो आणि उताराला तर उतरतोच. मित्राकडच्या २५० किलोच्या तट्टावर मोठ्या माणसानं बसूच नये, त्याच्यावर सामान टाकावं. सामान मात्र दोन्ही बाजूंना काट्यावर तोलून सारखं करावं. एका बाजूला किलोभर जास्त झालं तरी खोगीर सरकतं आणि संध्याकाळी पाठ सोललेली दिसते. खोगीरभरती हा शब्द आपण भाषणांसाठी आणि पुस्तकांसाठी वापरतो. खऱ्या खोगिराची भरती गुठळ्या होऊन एका जागी आली, की तिचा अर्थ घोड्याला विचारावा.

खोगीर उतरवल्यावर खालची घोंगडी उलटी करून बघायची मला सवय लागली आहे. सगळीकडे घामानं ओली असेल तर ठीक. मध्येच रुपयाएवढा कोरडा ठिपका दिसला, तर तिथं दाब इतका पडलाय की घाम सुटायलाही जागा मिळाली नाही. उद्या तिथं गाठ येणार. भरती आजच सारखी करायची, नाहीतर उद्या पायी चालायचं.

नालबंदाला निघायच्या आदल्या दिवशी बोलावू नये, आठवडाभर आधी बोलवावं. खिळा चुकून नाजूक भागात गेला असेल तर तो घरीच कळू दे. पश्चिमेकडच्या वाटा जांभ्याच्या, खडबडीत. नाल नसलेलं घोडं दुसऱ्या दिवशी लंगडतं. दिवसाची मजल पहिल्या खेपेला १५ किलोमीटरच धरा. घोडं ताशी पाच-सहा किलोमीटर चालतं, म्हणजे दुपारच्या आत मुक्कामाला. विश्रांतीत जबड्याखालच्या नाडीवर बोट ठेवावं. शांत असताना मिनिटाला २८ ते ४४ ठोके असतात. थांबून पंधरा मिनिटं झाली तरी साठाच्या वरच असतील, तर आजची मजल इथंच संपली.

आणि एकटं घोडं नेऊ नये. कळपातलं जनावर आहे, रात्रभर जोडीदाराला हाका मारत उभं राहतं.

मुख्य प्रश्न रात्रीचा. माझी सगळ्यात मोठी चूक इथंच झाली. जांबोटीच्या अलीकडे एका ओळखीच्यांची काजूची बाग. घोडं रात्री निवांत चरेल म्हणून मी मोरकीला, म्हणजे तोंडावरच्या दोरीच्या पट्ट्याला, तीस फुटांची दोरी लावली आणि एका झाडाच्या बुंध्याला बांधून झोपलो. मध्यरात्री धडपड ऐकू आली. बॅटरी टाकली तर दोरीचे तीन वेढे झाडाला, एक वेढा मागच्या पायाला, आणि घोडं बसल्यासारखं वाकडं होऊन ओढतंय. ओढेल तसा फास आवळतोय. माझी गाठ सुटेना. शेजारच्या शेतात मेंढरं बसवलेला एक म्हातारा धनगर कोयता घेऊन धावत आला आणि त्यानं दोरी तोडली.

"काय करायलायस रे बाळ? घोडं बांधलंयस का झाडाला गुंडाळलंयस?"

"तात्या, चरू दे म्हणून लांब सोडलं होतं."

"चरायचं दिवसा, आपल्या डोळ्यांदेखत. रातीला दोरी आखूड. लांब दोरी म्हंजे फास."

खुरावरची कातडी दोरीनं भाजल्यासारखी सोलली होती. ती भरायला महिना गेला.

चिकोडी, रायबाग, निपाणीकडचे धनगर मेंढरं घेऊन फिरतात तेव्हा त्यांचा संसार घोडीच्या पाठीवर असतो: भांडी, घोंगड्या, कोंबड्या, चालता न येणारी कोकरं. मुक्कामाला घोडी बांधायचा त्यांचा अनुभव पिढ्यांचा आहे, आणि तो फुकट मिळतो. चहापूड-साखर घेऊन जावं मात्र. त्या तात्यांनी सकाळी आपली घोडी दाखवली. पुढच्या दोन पायांत मऊ लोकरीच्या दोरीचा पायबंद, दोन पायांत वीतभर अंतर. घोडी टुकूटुकू पावलं टाकत चरते, पळू शकत नाही.

पायबंद मात्र घरी आठवडाभर सवय केल्याशिवाय घालू नये. नवखं घोडं घाबरून तोंडावर पडतं. दुसरी जुनी पद्धत आगाडी-पिछाडीची. पुढून दोन मेखांना दोन दोऱ्या, मागच्या पायांना एक. भातशेताच्या मऊ जमिनीत मेख टिकत नाही, तिथं मी आता तिसरीच पद्धत वापरतो. दोन मजबूत झाडांमध्ये सात फूट उंचीवर जाड दोर ताणून बांधायचा. झाडाला दोर थेट लावायचा नाही, मध्ये रुंद पट्टा किंवा घडी घातलेलं गोणपाट, नाहीतर साल कापली जाऊन झाड वाळतं आणि यजमान पुन्हा दारात उभं करत नाही. आडव्या दोराला पक्के फासे घालून त्यांत एकेका घोड्याची मोरकीची दोरी अडकवायची. ती एवढीच लांब, की नाक जमिनीपासून वीतभर वर पोचावं, पण पाय तिच्यावरून पलीकडे जाऊ नये. दोन घोड्यांत दहा फूट, बुंध्यापासूनही तेवढंच, म्हणजे मुळं उकरली जात नाहीत. गाठ सुरगाठच, एका ओढीत सुटणारी. लगामाला कधीही बांधायचं नाही. झटका बसला की तोंड फाटतं.

हे सगळं आधी घरामागच्या शेतात एक रात्र करून बघावं. मी सांगतोय म्हणून नव्हे, दोर किती ढिला पडतो ते अंधारातच कळतं म्हणून.

रानातली जनावरं दिसावीत ही माणसाची हौस, घोड्याची नाही. गवा, अस्वल, बिबट्या, दांडेलीकडून येणारे हत्ती, सगळे या पट्ट्यात आहेत. सकाळी नऊच्या आधी आणि दुपारी चारनंतर वाटेला लागू नये. घोड्यानं कान टवकारून एका दिशेला रोखले आणि पाऊल टाकायला नकार दिला, तर टाच मारू नये. त्याला आपल्याआधी कळलेलं असतं. मागं फिरावं. कुत्रं तर सोबत आणूच नये. ते भुंकत पुढं जातं आणि अस्वलाला घेऊन मालकाकडे परत येतं.

छोट्या जिवांची भीती मला जास्त वाटते. माकडताप गोचिडांतून पसरतो, आणि गोव्यातल्या सत्तरीत २०१५ ला, दोडामार्गात २०१६ ला त्यानं माणसं आजारी पाडली. हे दोन्ही तालुके खानापूरच्या शेजारचे. त्याचा हंगाम थंडीपासून उन्हाळ्याअखेरपर्यंत, म्हणजे नेमका आपल्या सहलीचा. अंगभर कपडे, पायमोजे पँटवर ओढलेले, आणि संध्याकाळी खरारा करताना घोड्याचे कान, आयाळीचं मूळ, शेपटीखालची जागा बोटांनी चाचपायची. मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता आरोग्य केंद्राला कळवायचं. आणि कण्हेर ओळखायला शिका. देवळांच्या आवारात सगळीकडे असते, आणि तिची थोडी पानंही घोड्याला मारतात. देवळापुढं दर्शनाला थांबताना घोडं तिच्याजवळ बांधणारे मी बघितलेत.

कोलिकची खूण अशी: घोडं चारा सोडतं, पुढच्या पायानं जमीन उकरतं, वळून वळून कुशीकडे बघतं, लोळतं, लीद टाकत नाही. चारा काढून घ्यायचा, हळूहळू चालवायचं, डॉक्टरला फोन करायचा. नळीनं तेल पाजायला धावू नका, ते फुप्फुसात गेलं तर पोटदुखी बरी म्हणायची वेळ येते. कणकुंबी-हेम्माडग्याच्या पट्ट्यात मोबाईलला रेंज कुठं येते आणि कुठं नाही ते चारा टाकायला गेलात त्याच दिवशी बघून ठेवा. डॉक्टरचा नंबर कागदावर लिहा. घरी एकाला सांगून ठेवा: अमक्या वेळेपर्यंत फोन आला नाही तर टेम्पो घेऊन निघ.

निघायच्या दिवशी घोडी बाजूला जाऊन उभी राहिली की मुक्कामाची जागा मोकळी दिसते. मग फावडं घ्यायचं. शेतात लीद हवी का ते मालकाला विचारायचं. बहुतेक जण हवीच म्हणतात आणि कुठल्या वाफ्यात टाकायची तेही सांगतात. काजूच्या बागेत ती पातळ पसरायची, उन्हानं दोन दिवसांत वाळते. खुरांनी पडलेले खड्डे पायानं सारखे करायचे, उरलेला चारा कणाकणानं गोळा करून पोत्यात, पट्टे आणि गोणपाट झाडावरून शेवटी काढायचे. साल दाबली गेली असेल तर ती मालकाला आपणच दाखवायची. मागच्या डिसेंबरात मी एक पट्टा झाडावरच विसरलो. परत आणायला गेलो तर त्यावर मालकिणीनं मिरच्या वाळत घातल्या होत्या, आणि तो परत मागायचं माझ्याच्यानं झालं नाही.